बापूंनी बंद केलेला कॉम्प्युटर

"फकस्त एक दीस इसावा दिला वो, साहेब," बापू म्हणाले. दसऱ्याची सकाळ होती. कॉम्प्युटरच्या डब्यावर आदल्या दिवशीचं, खंडेनवमीचं कुंकू होतं. स्क्रीन काळी.

सांगलीजवळच्या त्या कारखान्यात पंपाचे भाग कापणारं एक जुनं मशीन होतं. ते चालवणारा कॉम्प्युटर पंचवीस वर्षांचा. लोक विचारतात, असली म्हातारी यंत्रं बदलत का नाहीत? कारण मशीनला जोडणारं कार्ड नव्या कॉम्प्युटरमध्ये बसत नाही. प्रोग्रॅम देणारी कंपनी केव्हाच बंद पडली. कॉम्प्युटर बदलायचा म्हणजे मशीनच बदलायचं. म्हणून दुरुस्तीवाला या नात्यानं मीच बजावलं होतं, याला बंद करू नका. वीज गेली तर तो इन्व्हर्टरवर चालायचा.

बापूंचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. पण ते मशीन दुसऱ्या कुणाला जमत नसे, म्हणून मालकांनी त्यांना ठेवून घेतलं होतं. बायको गेल्यावर पाटणचं घर बंद करून ते इथंच राहत होते.

"खंडेनवमीला समद्या मशिनींस्नी सुट्टी, ह्येलाच न्हाई. लय जीवाला लागायचं," ते म्हणाले.

हार्ड डिस्क, म्हणजे प्रोग्रॅम साठवणारी तबकडी, वर्षानुवर्षं फिरत होती. थांबली, थंड झाली आणि अडकली. तीन दिवस झटलो. फिरली नाही.

मालकांनी विचारलं, "प्रोग्रॅमची कॉपी असेल ना?"

"नाही."

"अहो, अकरा वर्षं येताय तुम्ही!"

कॉपी काढायला कॉम्प्युटर बंद करावा लागला असता. तो पुन्हा उठलाच नाही तर, या भीतीनं मी टाळत गेलो. पहिल्याच वर्षी काढली असती तर बहुधा धड निघाली असती.

मशीन भंगारात गेलं. नवीन आलं, ते चालवायला शिकलेला माणूस आला. बापूंनी पिशवी भरली.

"म्या बंद केलं नसतं तर चाललं असतं, व्हय ना?"

"चूक माझी आहे, बापू. कॉपी मी काढायला हवी होती."

"आवं, बटण तर म्याच दाबलं न्हवं," म्हणत ते एसटीत चढले. मला फार वाईट वाटलं.

आता कुठंही जुना कॉम्प्युटर दिसला की आधी कॉपी काढतो, मग चहा घेतो. बापूंना फोन करायचं मात्र अजून धाडस होत नाही.