बारा म्हणेपर्यंत हलायचं नाही!

आमच्या तंबूत फोटो निघाले त्याहून किस्सेच जास्त निघाले! फोटो लोक घरी घेऊन गेले, किस्से मात्र माझ्याकडे साठत राहिले.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस यायचा थांबला आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मग काय, ज्याला त्याला स्वतःचा फोटो हवा झाला! मुंबईच्या बापूरावांनी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटी आणून अमरावतीच्या बाजारामागे तंबू ठोकला. मी अकोल्याचा चितारी. मागचा पडदा रंगवायचा आणि गिऱ्हाइकाची आधी तयारी करून घ्यायची, ही माझी कामं. प्रत्येकाला मी बजावायचो: लाल रंग फोटोत काळा येतो, निळा पांढरा येतो, आणि बापूराव एकपासून मोजत बारा म्हणेपर्यंत हलायचं नाही!

*

रंगांचं ऐकून एक कापूसदलाल विचारात पडले. "मंग मायं लाल गंधबी काळं येईन?"

"येईल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ कपाळावर निळीचं गंध लावून हजर! फोटोत गंध पांढरंशुभ्र आलं. बापूराव मला म्हणाले, "तुझं बोलणं इतकं मनावर घेणारा हा पहिलाच!"

*

बाजारामागेच राहणाऱ्या एका पाटलांना मी म्हणालो, "स्थिर बसायची घरी थोडी सवय करा."

पाटील ओसरीवर बसले ते बसलेच. बायकोने हाक मारली, उत्तर नाही. तिने गलका केला, शेजारी जमले, वैद्य आले. त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला. पाटलांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण मान हलली नाही! शेवटी गडी मला बोलवायला आला. मी गेलो आणि म्हणालो, "पाटील, बारा!"

पाटील ताडकन उठले आणि सगळ्यांवर डाफरले, "केवढ्या वेळचा वाट पाहून राहिलो! तुमच्यातल्या एकालेबी बारापर्यंत मोजता येत नाई?"

*

पडद्यावर मी मोठ्या हौसेने समुद्र काढला होता. एक शेतकरी बराच वेळ त्याकडे पाहत राहिला.

"हे कोनाचं वावर?"

"वावर नाही, समुद्र आहे."

"याच्यात कापूस होते?"

"नाही."

"मंग मायामागं कावून लावून राहिले?"

मी समुद्र पुसला आणि कपाशी रंगवली. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाईक बोंडं लहान काढली म्हणून मलाच बोलायचं!

*

मान हलू नये म्हणून पाठीमागे एक लोखंडी चिमटा असे. भल्याभल्यांना तो पाहून घाम फुटायचा. नांदगावची भाजीवाली माळीणबाई मात्र खुर्चीत बसली आणि तिने तो हातानेच बाजूला सारला.

"रोज डोक्यावर पाटी घेऊन येतो मी. मायी मान काय धरता?"

बापूराव बारा म्हणाले. बाईची पापणीसुद्धा लवली नाही!

*

पुढच्या हंगामात तंबू अकोल्याला नेला. हिवरखेडहून एक म्हातारी बैलगाडीने दोन लेकांना घेऊन आली. गणपत थोरला, शिवराम धाकटा. दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरून भांडले होते, दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. येतानाही एक गाडीत पुढे बसला, दुसरा मागे.

"दोघायले एकाच फोटोत घ्या," म्हातारी म्हणाली. "मले जिवंतपनी एका जागी पाहू द्या."

गणपतला खुर्चीवर बसवलं, शिवरामला शेजारी उभं केलं. उभा माणूस डुलतो, म्हणून मी त्याला भावाच्या खांद्यावर हात ठेवायला सांगितलं.

"हात कायले?" शिवराम म्हणाला.

"नाहीतर फोटो बिघडेल आणि पुन्हा काढावा लागेल."

त्याने आईकडे पाहिलं आणि हात ठेवला. बापूराव मोजू लागले. गणपत समोर बघत होता, पण त्याचे डोळे भरले होते. बारा झाले तसा शिवरामने हात काढला आणि दोघं तंबूच्या दोन टोकांना जाऊन उभे राहिले.

बापूरावांनी आतल्या अंधाऱ्या खोलीत प्लेट धुतली. म्हातारी आमच्या मागोमाग आत आली होती. काचेवर दोघं भाऊ उमटले, खांद्यावरच्या हाताची बोटन् बोट मोजून घ्यावं असे! इतका स्वच्छ फोटो आमच्या हातून क्वचितच निघाला होता.

म्हातारीने तो डोळे भरून पाहिला. मग पदराने डोळे पुसले, माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली,

"लय चांगला आला, बाबू. आता बाहेर जाय, अन् दोघायले सांग, बिघडला म्हनाव."