वळचणीचं पिवळं कापड

साथीच्या पहिल्या वर्षी मी जपानच्या एका चिमुकल्या बेटावर अडकले होते. माझं संशोधन समुद्री शेवाळावर, आणि विद्यापीठाचं छोटंसं केंद्र तिथे होतं. बाकीचे सगळे वेळेवर कोबेला, मुख्य विद्यापीठात परतले, मी हट्टाने राहिले. पुण्याहून आई फोनवर म्हणायची, "बरं झालं बाई, बेटावर आहेस. तिथं काही पोचायचं नाही."

बेटावर म्हातारी माणसंच जास्त. मोठ्या भूकंपानंतर तिथे एक पद्धत पडली होती. सकाळी उठलं की दाराबाहेर पिवळं कापड लावायचं, संध्याकाळी काढायचं. कापड दिसलं की घरातलं माणूस धडधाकट आहे असं समजायचं. नाही दिसलं, तर शेजाऱ्यांनी आत जाऊन बघायचं. साथीत कुणी कुणाकडे जाईना, तेव्हा सगळी भिस्त या कापडांवरच आली. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, नुसती कापडं हलत असायची. संध्याकाळी खांबावरच्या भोंग्यातून एक बाई गोड आवाजात सांगायची, "आजही बेटावर एकही रुग्ण नाही. सर्वांचे आभार." तो गोडवा ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा.

शेजारी एक आजी एकट्याच राहायच्या, पाठीतून पार वाकलेल्या. मला 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणायच्या, आणि मी कचरा चुकीच्या पिशवीत टाकला की तोच उचलून माझ्या दारात आणून ठेवायच्या. त्यांचा भयंकर राग यायचा आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही.

एकदा लक्षात आलं, बरेच दिवस माझा कचरा परत आलेला नाही. आजींची खिडकी बंद, रेडिओ गप्प. कापड मात्र रोज वेळेवर. असतील कामात, अशी मनाची समजूत घालून मी वळले आणि जागीच थबकले. आजी कापड लावायच्या ते खालच्या खिळ्याला, त्यांचा हात जाईल तिथे. हे वळचणीला बांधलेलं होतं. तिथे माझाही हात पोचला नसता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच पडद्याआड उभी राहिले. वस्तीचे प्रमुख आले, ताडमाड उंच गृहस्थ. तोंडावर मास्क, हातात मोजे. त्यांनी कापड बांधलं, बंद दारापुढे कमरेत वाकले आणि निघाले. मी तशीच बाहेर धावले.

"आत कोण आहे?"

"त्याच आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "ताप आहे. बेटावरचा पहिला रुग्ण म्हणून आपलं नाव नको, म्हणून त्यांनी माझ्याकडून शब्द घेतलाय. सेन्सेई, तुम्ही काही पाहिलेलं नाही."

"आणि त्या गेल्या तर?"

त्यांनी मागे वळून कापडाचं दुमडलेलं टोक तेवढं सरळ केलं.

मी दार ढकललं. आजी अंथरुणात होत्या, छाती घरघरत होती, उशाशी रिकामा पेला. मला पाहून त्यांनी हातानेच 'जा, जा' केलं. मी गेले नाही. पाणी पाजलं, बेटावरच्या दवाखान्यातल्या एकुलत्या नर्सला फोन केला आणि रुग्णांना नेणारी बोट येईपर्यंत त्यांचा हात धरून बसले. नर्सही त्यांच्याबरोबर गेली. आजी वाचल्या, हे इथेच सांगून टाकते. तेव्हा मला ते सांगायला कुणी आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी भोंगा म्हणाला, आजही बेटावर एकही रुग्ण नाही. खोटं कसं म्हणणार? बोट गेली होती.

काही दिवसांनी सकाळी उठले तर घसा खवखवत होता, अंग कढत होतं. भिंत धरत धरत दार उघडलं. मी अजून माझं कापड लावलंच नव्हतं, तरी माझ्या वळचणीला पिवळं कापड हलत होतं.

मी इतकी घाबरले की आधी दार लावून घेतलं. मग चिडले. खुर्ची आणली, कापड ओढून काढलं आणि रस्त्याच्या मधोमध फेकलं. कोबेला विद्यापीठात फोन केला. बोट उद्या येणार होती. पण कापड नसलं की शेजाऱ्यांनी येऊन बघायचं, हा नियम बेटावरच्यांचाच होता. मी दार सताड उघडं ठेवून बसले. समोरच्या घरातला पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला.

संध्याकाळ झाली. "आजही बेटावर एकही रुग्ण नाही," ती बाई म्हणाली. ते मी उंबऱ्यावर बसून ऐकलं.