ज्याची दोरी आधी येईल

बाबलकाका बुडून मेला असं कागदावर लिहिलंय.

ते खोटं नाही. पण सगळं खरंही नाही.

आज वर्ष झालं. वर्षभर मी हे कुणाला बोललो नाही. आज बोलतो.

तुमच्यापैकी बरेच जण कोकणाबाहेरचे, म्हणून आधी रापण म्हणजे काय ते सांगतो. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं. त्याच्या दोन टोकांच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर. प्रत्येक दोरीवर वीस-पंचवीस माणसं. दोन्ही बाजूंनी सारखंच ओढायचं. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं.

बाबलकाका आमच्या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. नात्याने माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. कोण कुठल्या दोरीवर उभा राहणार ते तोच ठरवायचा.

त्याचा एकच नियम होता.

"दोरयेर हात आसताना पक्ष काडूचो नाय. च्या पिताना काय ता बोला."

आणि चहाला आम्ही बोलायचो. मी कुडाळात मास्तर, मे महिन्यात सुट्टीला घरी. लोकसभेचं वातावरण एकदम टाइट. रापणीच्या मांडवात रोज दिल्लीचं सरकार बनायचं आणि पडायचं.

"ह्या वेळेक सरकार आमचाच येतला," सुहास म्हणायचा.

"तुमच्या सायबाक भाषण सोडून दुसरा काय येता?" गजा विचारायचा.

"तुमच्याक तर ता पण येणा नाय."

सगळे हसायचे. काकाही हसायचा. त्या वर्षी त्याचा घसा बसलेला, हसला की खोकला यायचा.

मग कधीतरी हसणं कमी झालं.

आधी व्हॉट्सॲप ग्रुप दोन झाले. मग चहाच्या किटल्या दोन झाल्या. गजाच्या बहिणीच्या साखरपुड्याला सुहास गेला नाही. हे दोघे बालवाडीपासूनचे मित्र.

आणि एक दिवस बघतो तर सुहासची सगळी माणसं उत्तरेच्या दोरीवर आणि गजाची सगळी दक्षिणेच्या. काकाने त्यांना तिथे लावलं नव्हतं. ती आपसूक तशी उभी राहिली होती.

काका बराच वेळ बघत राहिला. मला म्हणाला, "माका ह्या बरा दिसणा नाय."

मी म्हटलं, "काका, इलेक्शन झाला की सगळे एक होतले."

शिकलेला माणूस ना मी. मला सगळं माहीत होतं.

मतदानाला आठ दिवस राहिले होते. सकाळची रापण. वारा दक्षिणेचा, पाणी जरा उसळतं. दोन्हीकडून टोमणे सुरू होते. कोण किती सीटा आणणार, कोणाचं डिपॉझिट जाणार.

तेव्हा मी बोललो. हो, मीच.

"ज्येची दोरी आदी काठार येतली, त्येचा सरकार."

मस्करी होती. मोबाइल काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. स्टेटसला टाकणार होतो.

काका पाण्यात निघालेला. जाळं जवळ आलं की खालची कड दाबून धरायला छातीभर पाण्यात उतरावं लागतं, आणि ते काम तो दुसऱ्याला देत नसे. जाता जाता वळून म्हणाला, "मेल्यानू, मासो पक्ष इचारून जाळ्यात येता काय?" मग माझ्याकडे बघून, "मास्तर, पोरांका शाळेत ह्याच शिकयतस?"

मी हसलो.

दोन्ही दोऱ्या शर्यतीला लागल्या. एवढ्या जोराने रापण ओढलेली मी कधी पाहिली नव्हती. कुणी हाळी देत नव्हतं, कुणी दम घेत नव्हतं. जाळं तिरकं झालं, मासे खालून निघून चालले होते, तरी कुणाचं तिकडे लक्ष नाही. सगळे एकमेकांच्या दोरीकडे बघत होते.

जाळ्याच्या दोरीचा पेच काकाच्या पायात बसला. सैल सोडली असती तर पाय निघाला असता.

तो ओरडला, "सोडा रे. दोरी सोडा."

दोन्हीकडे ऐकू आलं.

दोन्ही बाजूंना वाटलं, आधी समोरच्यांनी सोडावी.

किती वेळ? व्हिडिओत अकरा सेकंद आहेत. मग एक लाट त्याच्या डोक्यावरून गेली. सुहास आणि गजा दोघेही दोरी टाकून पाण्यात धावले. दोघांनी मिळूनच त्याला बाहेर काढला. उशीर झाला होता.

मी कुठल्याच दोरीवर नव्हतो. ओरडून थांबवायला मीच एकटा मोकळा होतो. माझ्या हातात मोबाइल होता.

आठ दिवसांनी गावाने मतदान केलं. निकाल लागला. टीव्हीवर फटाके वाजले, आमच्या वाडीत एकही वाजला नाही. कुणाची दोरी आधी आली होती, हे त्यानंतर कोणी कोणाला विचारलं नाही.

व्हिडिओ डिलीट केला असं मी सगळ्यांना सांगितलं. केला नव्हता.

आज वर्षश्राद्धाला पानं उठल्यावर काकी माझ्याजवळ येऊन बसली.

"घरात फोटो आसत रे. आवाज खंय नाय. तुज्या मोबाइलात ह्यांचो आवाज आसा काय?"

एक वर्ष मी याच प्रश्नाला घाबरत होतो. नाही म्हणू शकलो असतो.

तिला शेजारी घेतलं आणि लावला. तिने पूर्ण ऐकला. डोळे मिटून.

"परत एकदा लाय."

परत लावला.

"ह्यो मदीच हसता तो कोण रे?"

"मी, काकी."

तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि उठून भांडी आवरायला गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

आत्ता हे लिहितोय तेव्हा मांडवात माणसं जमलीयत. पुढच्या निवडणुकीचं बोलणं चाललंय. किटल्या दोनच आहेत. उद्या सकाळी रापण आहे, आणि कोण कुठल्या दोरीवर उभा राहणार हे आता कोणीच ठरवत नाही.

मी उद्या जाणार आहे. मोबाइल घरी ठेवून.

बाबलकाका, तुझा आवाज दोन्हीकडे पोचला होता. मलाही पोचला होता.

माफी मागायला तोंड नाही. नमस्कार तेवढा घे.