खिळ्यावरचं कॅलेंडर

“नाव घातलंय का कुणाचं?” त्यांनी लिहिलेल्या कथेवरून कुणी भांडायला आलं की ते एवढंच विचारायचे आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत बसायचे. पुसून तो आणखीच मळायचा.

मस्कतमधल्या गाला भागातल्या आमच्या बांधकाम कंपनीत ते ड्राफ्ट्समन, मी इंजिनिअर. दोघेही महाराष्ट्रातले बौद्ध. आडनावावरून ना त्यांचं कळायचं ना माझं. फरक एवढाच, की कुणी विचारायच्या आत ते सांगून टाकत आणि मी विषय बदलत असे. तुमच्याही ऑफिसात माझ्यासारखा एखादा असेल, नीट बघा.

मस्कतच्या मराठी मंडळींत त्यांनी एकदा कथा वाचली. एक बाई कौतुकाने म्हणाल्या, “किती शुद्ध बोलता हो! वाटत नाही अगदी.” काय वाटत नाही ते यांनी विचारलं नाही. परतताना गाडीत म्हणाले, “कंटाळा आला रे.”

आमच्या माणसांतही त्यांना सुख नव्हतं. बाबासाहेबांच्या जयंतीच्या स्मरणिकेला त्यांनी कथा दिली. त्यातला इंजिनिअर, ऑफिसचे लोक जेवायला येणार म्हटलं की भिंतीवरची निळ्या कोटातली तसबीर कपाटात ठेवतो आणि रिकाम्या खिळ्याला सुपरमार्केटचं कॅलेंडर अडकवतो.

स्मरणिकेच्या समितीत आम्ही पाच जण. एक उसळला, “हे सरळ सरळ माझ्यावर आहे!” दुसरा म्हणाला, “तुझ्यावर कसं? कॅलेंडर मी लावतो!” बघता बघता पाचही जणांनी आपापलं घर ओळखलं, मी धरून. आपण काय कबूल करून बसलोय हे ध्यानात आल्यावर कुणी कुणाकडे बघेना.

“अरे, मी माझ्यावर लिहिली होती,” ते म्हणाले. “इथली पहिली तीन वर्षं मीही तेच केलं.”

तरी कथा गळलीच. आपलं घरचं बाहेर कशाला, आधीच लोक काय कमी बोलतात, असं ठरलं. हात मीही वर केला.

मराठी मंडळींच्या अंकाच्या संपादकाला कुणकुण लागली. “आम्ही छापतो की, मजेशीर आहे,” असा फोन आला. यांनी नकार दिला. मी कारण विचारलं.

“आपल्यांनी चिडावं म्हणून लिहिली रे. त्यांनी हसावं म्हणून नाही.”

कथा कुठेच आली नाही. हळूहळू आमच्या कार्यक्रमांची निमंत्रणंही त्यांना जाईनाशी झाली. शुक्रवारच्या सुट्टीला काय करता, असं विचारलं तर म्हणायचे, “झोपतो.”

पुढे तेलाचे भाव पडले, कंपनीने माणसं कमी केली. त्यात त्यांची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी ते टेबलाटेबलाशी जाऊन निरोप घेत होते. आमच्यात निरोप ‘जयभीम’ म्हणून घेतात. ते माझ्याकडे वळले तेव्हा सगळे सहकारी भोवती उभे होते, आणि मी उगाच टेबलावरचे कागद सारखे करू लागलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं आणि हात जोडले.

“नमस्कार, साहेब.”

मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.