जपानी पुडी मिश्रीच्या डब्यात

मंडळी, रहिमतपुरात दातांचा दवाखाना चालवून मला बारा वर्षं झाली. आज दुपारी मात्र पेशंटच्या खुर्चीत मीच आडवं व्हावं असं वाटलं.

जवळच्या वाडीतल्या आक्का आल्या होत्या. हिरड्या टम्म सुजलेल्या, नुसतं बोट लावलं तरी रक्त. म्हणाल्या, "आवं मॅडम, जपानचं औषद बी लागू पडंना."

त्यांचा मुलगा शिरवळला कंपनीत आहे. तिथल्या जपानी साहेबांनी त्याला हिरड्यांसाठी त्यांच्याकडच्या झाडपाल्याच्या औषधाच्या पुड्या दिल्या. ज्येष्ठमध, आलं आणि असलंच काही घातलेली पावडर. कोमट पाण्यातून पोटात घ्यायची.

"तशी घेतली का?"

"पानी कशाला? मिश्रीच्या डब्यात कालवली की. रोज सकाळी चोळती."

म्हणजे ज्या भाजलेल्या तंबाखूनं हिरड्यांची वाट लावली, तिच्यातच औषध! मिश्री सोडा, हे मी त्यांना चार वर्षं सांगतेय. आज माझा आवाज चढलाच.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "सोडली असती वो. पर मिश्री लावताना तेवढी धा मिन्टं मी उंबऱ्यावर बसती. तवा कुनी काम सांगत न्हाई. नुसती बसली की सांगत्यात."

मी हिरड्या साफ केल्या. मिश्री सोडा, हे पुन्हा सांगितलं, पण माझंच मला ते पोकळ वाटलं.

सांगा बरं, तुमच्या घरातली बाई हातात काहीच नसताना, नुसती बसलेली, तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?