भाच्यासाठी घेतलेलं क्लारनेट

देवासमध्ये लग्नाच्या बँडवाल्यांना कोट शिवून घ्यायचे असले की ते अल्पना फणसे यांच्याकडे जात. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पँटच्या कडेला पिवळी पट्टी. कोट अंगावर चढवला की अल्पनाबाई वादकाला सांगत, "हात वर करा, वाजवताय असं धरा." तो हवेतच क्लारनेट धरायचा, बोटं नाचवायचा, आणि बाई बगलेत कुठे ओढतंय ते बघायच्या. अर्धं आयुष्य त्यांनी हे मुकं वादन पाहिलं.

त्यांचे यजमान रघुजी शिलाई मशिनी दुरुस्त करीत. ते गेले, मुलगी नीतू लग्न होऊन बडोद्याला गेली. डीजे आल्यापासून बँडही कमी झाले आणि कोटही. दिवसभर घरात टीव्ही चालू असायचा. "टीव्ही बोलतो गं, पण माझ्याशी नाही," एकदा त्या नीतूला फोनवर म्हणाल्या.

"आई, तू न भजन मंडळात जात जा. टाइमपास होऊन जाईल."

त्या गेल्याही. पण तिथे बायका भजनापेक्षा सुनांच्या गोष्टींतच जास्त रमायच्या, आणि अल्पनाबाईंना सून नव्हती.

मग एका दुपारी मोबाइलवर त्यांना ते दिसलं. शिकणाऱ्यांसाठी खास क्लारनेट, अगदी स्वस्त. कुणाला न विचारता त्यांनी मागवलं. खोक्यात काळी चकचकीत नळी, चांदीसारख्या चाव्या, आणि सोबत पांढरे हातमोजे. मोज्यांची शिवण आधीच उसवलेली होती. शिवणाऱ्या बाईला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आनंदात तिकडे लक्ष गेलं नाही.

दुपारी दार लावून, मोबाइलवर बघून त्या शिकू लागल्या. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मशिनची मोटर चालू ठेवायच्या. आधी नुसती हवा. मग किंकाळी. वरचे दोन-तीन सूर कधी लागायचे, खालचे कधीच नाही. बाईंनी ठरवून टाकलं, आपलाच दम कमी आहे. त्यांनी वाफ घेतली, आंबट सोडलं, सकाळी प्राणायाम सुरू केला. खालचा ओठ सोलवटला. उन्हाळा गेला, पाऊस गेला, आणि सूर काही खाली उतरेना. या वयात कसलं खूळ घेतलं, असं मनात यायचं, आणि ते बोलून दाखवायलाही घरात कुणी नव्हतं.

देवासच्या बँडवाल्यांना विचारायची लाज वाटली. सगळे ओळखीचे. मग धारचे गणपतराव आठवले. कधीकाळी त्यांच्या सगळ्या बँड पार्टीचे कोट बाईंनी शिवले होते. आता ते वाजवत नव्हते, घरीच वाद्यं दुरुस्त करीत. बाई देवासहून इंदूरला गेल्या, गंगवाल स्टँडवरून धारची बस धरली, आणि खोकं मांडीवर घेऊन बसल्या.

"भाच्यासाठी घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याला वाजत नाही. दम कमी पडतो बहुतेक."

गणपतरावांनी क्लारनेट उलटसुलट पाहिलं. मग बाईंना खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं, सगळ्या चाव्या दाबून धरल्या आणि नळीच्या तोंडाशी छोटी बॅटरी लावली. चाव्यांखालच्या गाद्यांच्या कडेनं ठिकठिकाणी उजेड गळत होता.

"उजेड जातो तिथून हवा पण जाते. यात वारा भरणार कुठून? मी फुंकलं तरी खालचा सूर यायचा नाही."

"दुरुस्त नाही होणार?"

"चाव्याच वाकड्या बसवल्यात. आज बसवीन, उद्या हलतील. आक्का, लोक म्हणतात, शिकणारा आहे, स्वस्तातलं चालेल. उलट आहे. मुरलेला माणूस खोट लगेच ओळखतो. शिकणाऱ्याला काय कळणार? तो बिचारा स्वतःलाच दोष देतो."

गणपतरावांनी कपाटातून जुनं लाकडी क्लारनेट काढलं, फुंकायच्या तोंडाशी वेताची नवी पत्ती बसवली आणि त्यांच्यापुढे धरलं. "घ्या. भाच्याचा ओठ सोलवटलेला नसणार, तुमचा आहे."

बाईंनी फुंकलं. खालचा सूर आला, जाड, गरम, नळीतून थेट हातात उतरणारा. त्या चटकन थांबल्या. डोळे भरून आले होते, आणि गणपतराव मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

ते वाद्य गणपतरावांनी बाईंना देऊनच टाकलं. "कवळीवर पत्ती टिकत नाही माझ्या. पडून तडकेल," म्हणाले. हिवाळाभर बाई जमेल त्या रविवारी धारला जात राहिल्या. शिकवणी थोडी, चहा जास्त. मग गणपतराव घरात पडले आणि लेक त्यांना राजगढला घेऊन गेली. बाईंनी एकदा फोन लावला, टेबलावर ठेवून वाजवलं. वाजवून झाल्यावर लेकीचा आवाज आला, "काकी, बाबांना झोप लागलीय."

दसऱ्याआधी कमल बँडवाला मापं द्यायला आला. या वेळी बाईंनी सांगूनच टाकलं आणि वाजवूनही दाखवलं. कमल उभा राहून ऐकत होता.

"मौसी, सुर तो सच्चा है," तो म्हणाला. मग मान खाली घातली. "पर बारात में आपको कैसे ले जाऊँ?"

"मी मागितलं का?" बाई म्हणाल्या. मागायचं मात्र मनात होतं.

त्यानं विषय बदलला. नव्या पोरांसाठी तो स्वस्तातली क्लारनेटं मागवणार होता. बाईंनी आपलं काळं चकचकीत वाद्य काढलं, पडदा ओढला, बॅटरी लावून गळता उजेड दाखवला. "कमल भिया, हे नको घेऊस. जुनं घे, डागडुजी केलेलं घे. एकच घे, पण धड घे."

"अभी तो सीखना ही है उनको," कमल म्हणाला, आणि त्यानं मागवलीच.

लग्नसराई संपायच्या आत पोरं पांगली. कमल कोट ढिले करून घ्यायला आला. पोरांच्या जागी दुसरी माणसं ढोलावर घेतली होती, अंगानं मोठी. "क्या करें मौसी, लड़कों में दम ही नहीं था."

"दम होता रे," बाई म्हणाल्या.

त्याला ते कळलं नाही, आणि तो घाईत होता.

तो गेल्यावर बाईंनी लाकडी क्लारनेट घेतलं. आता मोटर चालू ठेवत नाहीत, खिडकीही उघडी असते. सूर चुकला तर तो आपलाच, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि त्याचं वाईट वाटत नाही. ऊन ओसरेपर्यंत त्या एकच ओळ घोळवत राहिल्या. समोरच्या गच्चीवरची बाई वाळलेले कपडे काढून खाली गेली. नीतूचा फोन रविवारी येतो. आज मंगळवार होता.