वाऱ्याची लेखी हमी

शहापूरला आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत. त्या मी भाड्याने देतो, आणि देण्यापूर्वी चौदा कलमांचा करारनामा स्वहस्ते लिहितो. खोल्यांवर टिनाचे छप्पर आहे. मृग लागण्याच्या आधी आमच्याकडे भर दुपारी वावधन सुटते. पाऊस नाममात्र, वारा मात्र बेबंद. गेल्या वर्षी त्याने एक टीन उचलून शेजाऱ्यांच्या गोठ्यावर नेऊन ठेवले. टीन परत करण्याविषयी मी शेजाऱ्यांना रीतसर पत्र दिले. त्यांनी उत्तर दिले नाही. टीन भिंतीवरून आमच्या अंगणात फेकले.

माझ्या पत्रांना कोणी उत्तर देत नाही, हा अन्याय मी चाळीस वर्षे सोसत आलो आहे. कार्यालये फार तर पोचेचा शिक्का मारतात. अपवाद एकच : आमच्या भाडेकरू बाई. मूळच्या दिघोरीच्या, शाळेत गणित शिकवतात. यंदा मे महिन्यात त्यांनी लिहिले, "मृगापूर्वी छप्पर पक्के न झाल्यास मी खोली सोडीन. भंडाऱ्यात दुसरी पाहून ठेवली आहे." मी तत्काळ कलम नऊकडे त्यांचे लक्ष वेधले : छप्पर ज्या स्थितीत ताब्यात मिळाले, त्याच स्थितीत भाडेकरूने राखावे. घर आणि खोल्यांच्या मधल्या दाराखालून उत्तर सरकले, "छप्पर उडण्याच्या स्थितीत मिळाले होते. मी ते त्याच स्थितीत राखले आहे."

संतापाने माझे कान तापले. ते पत्र मी आमच्या सौभाग्यवतींना तीनदा वाचून दाखवले.

"अजी," त्या म्हणाल्या, "हे बाई गेली तं मंग कोनाले चिठ्ठ्या लिहसान?"

प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अप्रस्तुत होता. तरीही मला जेवण गेले नाही.

मी मिस्त्रीला बोलावले. त्याने टीन हलवून पाहिले, नवे हुक आणि वाळूची पोती सांगितली. मी त्याच्यापुढे कागद ठेवला : या हंगामात एकही टीन उडणार नाही, अशी हमी देतो.

"बाबूजी, मी टीन ठोकाले आलो. वाऱ्याची जमानत घ्याले नाही आलो."

"म्हणजे स्वतःच्या कामावर तुमचा विश्वास नाही?"

"कामावर हाय ना! वाऱ्याले कोन ओळखते?"

हातोडी पिशवीत टाकून तो गेला. दुसऱ्या मिस्त्रीला फोन केला, तर पलीकडून आवाज आला, "सहीवाले बाबूजीच ना तुमी?" आणि फोन बंद. तिसऱ्याने तर उचललाच नाही.

मृगाला तीन दिवस उरले, तेव्हा मीच शिडी लावली. बाई शिडी धरायला आल्या. धरण्यापूर्वी त्यांनी चिठ्ठी दिली : "शिडी धरली म्हणजे घरमालकाच्या चढण्यास माझी संमती आहे, असे समजू नये." वाक्यरचना निर्दोष होती. मी पोच दिली आणि चढलो.

तिसरे पोते ठेवतो तोच हायवेकडून धुळीचा लोट उठला. पायाखालचे टीन एका बाजूने उचलू लागले. मी त्यावर पालथा पडलो. टीन तापलेले होते, सदऱ्यातून पोट भाजत होते; पण मी उठलो असतो तर तेही उठले असते.

"उतरा ना, अजी!" अंगणातून सौभाग्यवती ओरडल्या.

"उतरलो की टीन जाईल!"

"जाऊ द्या ना ते टीन!"

"टीन गेले तर बाई जातील!"

हे मी बरेच मोठ्याने बोललो. बाई खाली शिडी धरून उभ्याच होत्या.

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली. पहिलाच मिस्त्री. "बाबूजी, हे काय करून राहिले?"

"वजन ठेवतो आहे! वर या! सही नको!"

"तसं नाही जमत. आता तुमीच लिहून द्या. वाऱ्याले मिस्त्री जबाबदार नाही म्हनून."

"काका, हलू नका, मी लिहून देते," बाई म्हणाल्या. मजकूर त्यांनी लिहिला, कागद मिस्त्रीनेच वर आणला, आणि आयुष्यात प्रथमच मी पालथे पडून सही केली. त्याने टिनांवरून तार ताणली, पोती रचली. दुसऱ्या दिवशी सगळे हुक बदलले.

मृग लागला. छप्पर जागेवर राहिले. बाई राहणार की जाणार, याविषयी मात्र अक्षर नाही. तोंडी विचारणे माझ्या शिस्तीत बसत नाही. चार दिवस मी मधल्या दाराशी या ना त्या निमित्ताने वाकत होतो. पाचव्या दिवशी कागद आला : "छप्पर पक्के झाले. परंतु त्यावर रोज पहाटे एक मांजर धावते. घरमालकाने बंदोबस्त करावा. दिवाळीपर्यंत मुदत देत आहे."

दिवाळीपर्यंत! मी कोरा कागद ओढला आणि "सदर मांजर घरमालकाच्या ताब्यातील मालमत्ता नसल्याने" असा आरंभ करून अत्यंत संतापाने उत्तर लिहू लागलो.